वाटीत मावतं किती, काट्यावर भरतं किती

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात काय किंवा तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात काय, गिरणीवर दळण नेणाऱ्या बाईला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. डबा ज्वारीनं काठोकाठ भरून न्यायचा नसतो. भरून नेला तर दळून झाल्यावर पीठ त्यात मावत नाही आणि उरलेल्या पिठासाठी ऐनवेळी पिशवी शोधावी लागते. गिरणीवाला काट्यावर डबा ठेवून पैसे सांगतो. नेताना दोन किलो ज्वारी असेल तर येतानाही जवळपास दोन किलोच पीठ असतं. थोडंसं उडतं, थोडं जात्याला चिकटतं, बाकी वजन तेच राहतं. जागा मात्र वाढते. एक लिटरच्या भांड्यात साधारण ७२० ग्रॅम ज्वारी मावते, पण सैल भरलं तर त्याच भांड्यात पीठ मावतं जेमतेम ५०० ग्रॅम. म्हणजे दोन किलो ज्वारीला पावणेतीन लिटरचा डबा पुरतो आणि तिच्याच पिठाला चार लिटरचा लागतो.

या प्रकरणाचा सगळा विषय या डब्यात आहे. वाटी, कप, पायली ही मापं जागा मोजतात. काटा माल मोजतो. ‘एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कशाची वाटी, बारीक की जाड, चाळलेली की दाबलेली, सपाट की शिगेची (काठावर ढीग असलेली), हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. भाजी-आमटीत हा फरक खपून जातो, कारण हात चव बघत बघत पुढे जातो. केक, बिस्किट, पाव, नानकटाई यांचं तसं नाही. भांडं एकदा भट्टीत गेलं की दुरुस्तीला वाव राहत नाही. तिथे माप आधीच बरोबर असावं लागतं.

वाटीतली हवा

साखरेचा एक दाणा पाण्याहून जड असतो. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ आहे. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅम भरतं, तर तेवढ्याच जागेतली सलग साखर दीड ग्रॅमहून जास्त. असं असताना २४० मिलिलिटरच्या कपात साखर मावते फक्त २०० ग्रॅमच्या आसपास. हिशेब केला तर कपातली जेमतेम निम्मी जागा साखरेनं व्यापलेली असते आणि बाकीची दाण्यांमधल्या हवेनं.

मैद्याची गोष्ट आणखी पुढची आहे. मैद्याचा कण घट्टच असतो, पण चमच्यानं हलकेच भरलेल्या कपात तो १२० ते १२५ ग्रॅमच बसतो. म्हणजे त्या कपाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग हवेचा असतो. कण जितका बारीक तितकी हवा जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्याला कारण आहे. साखरेचा दाणा स्वतःच्या वजनानं घरंगळतो आणि खालची मोकळी जागा शोधतो. मैद्याचा कण इतका हलका असतो की शेजारच्या कणाला चिकटून राहण्याची त्याची ओढ त्याच्या वजनाहून जास्त ठरते. तो जिथे पडला तिथेच अडकतो, दुसऱ्या कणावर रेलतो, आणि आतमध्ये पोकळ्या तयार होतात. भांडं आपटलं, पीठ दाबलं किंवा डबा मोटारसायकलच्या डिकीतून खडबडीत रस्त्यानं आला, की या पोकळ्या कोसळतात आणि पीठ खाली बसतं.

कोरड्या जिनसांचे म्हणूनच दोन गट पडतात. साखर, मीठ, रवा, डाळी आणि धान्यं हे घरंगळणारे जिन्नस आहेत. कसेही भरा, मापात फार फरक पडत नाही. मैदा, कणीक, बेसन, पिठीसाखर, कोको, कॉर्नफ्लोअर, दूध पावडर हे चिकटणारे जिन्नस. यांचं माप भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. पहिल्या गटात वाटीवर विसंबून चालतं. दुसऱ्या गटात काटा जवळ करावा.

शेर, पायली आणि शीग

जागा आणि वजन यांचा हा घोळ आपल्याकडे केक आला तेव्हा सुरू झाला नाही. खळ्यावर धान्य मोजायला पायली होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली अशी ती चढण होती, आणि वर मण नि खंडी. ही सगळी मापी मापं, म्हणजे जागेची. बाजारात मात्र तराजूवर गूळ, तेल, मसाला जोखायला वजनी शेर होता: पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. त्यातही कच्चा शेर निराळा, पक्का निराळा, आणि पायलीचा आकार मुलखागणिक बदलता.

सेनगावसारख्या ठिकाणी तर हे जास्तच जाणवत असणार. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि लगतचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. सीमेपलीकडे रिसोडच्या बाजारात जाणाऱ्याला नाणंही वेगळं भेटे, कारण निजामाचा हाली शिक्का संस्थानापुरता होता. पुढे १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. त्याच १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलोग्रॅम देशभर आला. शेराची किंमत कायद्यानं ठरली ०.९३३१ किलो, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मण ठरला ३७.३२ किलोचा. वजनी शेराचं असं एका ओळीत रूपांतर झालं. पायलीचं असं एका ओळीत रूपांतर होऊच शकत नव्हतं, कारण ज्वारीच्या पायलीचं वजन निराळं, तुरीच्या पायलीचं निराळं आणि पोह्यांच्या पायलीचं तर फारच निराळं.

पायली भरण्यातही पद्धत होती. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन मोजायचं. माप काठाला सपाट करायचं की वर शीग ठेवायची, यावर देणाऱ्या-घेणाऱ्यांत खटके उडत. मापात पाप शिरायला शीग ही सोपी जागा होती. बलुतेदाराला सुगीत मिळणाऱ्या धान्याची बरकतही पायलीच्या वरच्या त्या शिगेवर ठरे. ही चिंता फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. धान्याचं माप कोरड्या, टणक लाकडाचं असावं आणि त्याचा चौथा हिस्सा शिगेत यावा, असा नियमही दिला आहे. रसांसाठी, म्हणजे पातळ पदार्थांसाठी, शीग मापाच्या आतच धरली आहे. फुलं, फळं, कोंडा, कोळसा, चुना यांच्यासाठी शिगेचा हिशेब वेगळा आहे. एकाच मापात निरनिराळा माल निरनिराळा बसतो हे त्या काळच्या कारभाराला पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेनं हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवला. तिथला बुशेल हे मूळचं जागेचं माप, सुमारे ३५ लिटरचं. व्यापारात मात्र त्याला पिकागणिक वजन ठरवून दिलं: गहू आणि सोयाबीन ६० पौंड, मका आणि ज्वारी ५६ पौंड, ओट्स ३२ पौंड. नाव मापाचं राहिलं, व्यवहार वजनाचा झाला. हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी आज सोयाबीन, तूर, हळद सगळं क्विंटलनं विकतो. शेतातून बाजारात जाणारा माल काट्यावर आला, पण घरातला मैदा अजून वाटीतच आहे.

कप कुणाचा?

१८९६ मध्ये अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंचं बॉस्टन कुकिंग स्कूलचं पाकपुस्तक निघालं. कप आणि चमचा काठाला सपाट करूनच मोजायचा, हा आग्रह त्यांनी धरला आणि घराघरांत पोचवला. अमेरिकी पाककृती आजही बहुधा कपात लिहिल्या जातात. युरोपातल्या पाककृती बहुधा ग्रॅममध्ये असतात. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला. अंदाजपंचे शिकणाऱ्या नव्या सुनांना आणि घराबाहेर राहणाऱ्या मुलामुलींना त्याचा केवढा आधार झाला, हे महाराष्ट्रातल्या घराघरांना माहीत आहे. त्या मापांची ताकद प्रमाणात होती. एकाच वाटीनं सगळं मोजलं तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण टिकतं.

घोटाळा होतो तो मापं मिसळली की. मोबाईलवर पाककृती बघताना ‘एक कप मैदा, १०० ग्रॅम लोणी, दोन अंडी’ असं कानावर येतं. इथे कपाचा आकार कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकी कप २३७ मिलिलिटरचा, पाकिटांवरच्या हिशेबात २४०, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. आपल्या घरची आमटीची वाटी बहुधा यांतल्या कुठल्याच कपाएवढी नसते, आणि चहाचा कप तर त्याहून लहान. घरचा कप घेऊन परदेशी पाककृती करणाऱ्याचा मैदा कमी पडतो, कारण लोणी नि अंडी पूर्ण मापाची जातात आणि मैदा अर्ध्या-पाऊण मापाचा.

एकाच कपात तीन मैदे

मैद्याचा डबा उघडा आणि २४० मिलिलिटरचा एकच कप तीन तऱ्हांनी भरून काट्यावर ठेवा. पहिल्यांदा मैदा चाळून, चमच्यानं कपात सोडून, उलथन्याची सरळ कड फिरवून काठाला सपाट करा. काटा १२० च्या आसपास दाखवेल. दुसऱ्यांदा कप थेट डब्यात खुपसून भरा आणि सपाट करा. आता १४० ते १५० ग्रॅम भरतील. तिसऱ्यांदा कप ओट्यावर दोनदा आपटून, वर पुन्हा भरून सपाट करा. आकडा आणखी चढेल. कप तोच, मैदा तोच, घर तेच, आणि फरक पाव हिश्श्याहून जास्त.

तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमवर जातो. तेवढा जास्तीचा मैदा दूध नि अंड्यातली ओल शोषून घेतो, मिश्रण घट्ट होतं, केक वरून तडकतो, आतून कोरडा निघतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा होतो. बाई दोष देते ओव्हनला, कुकरला किंवा बेकिंग पावडरीला. दोष बहुतेक वेळा मैद्याच्या कपाचा असतो. पावसाळ्यात पीठ ओल धरतं, गुठळ्या होतात, तेव्हा मापावर भरवसा आणखी कमी होतो.

काटा नसेल तर निदान भरण्याची एकच रीत पाळावी. मैदा आधी डब्यातच चमच्यानं हलवून सैल करावा. चमच्यानं वाटीत सोडावा, दाबू नये, आपटू नये, आणि सुरीच्या पाठीनं सपाट करावा. पाककृतीत ‘एक कप चाळलेला मैदा’ असेल तर आधी चाळून मग मोजावा. ‘एक कप मैदा, चाळून’ असेल तर आधी मोजून मग चाळावा. या दोन वाक्यांतला फरक सहज दहा-वीस ग्रॅमचा असतो.

साखर दळल्यावर

दिवाळीच्या तोंडावर हमखास पडणारा प्रश्न: वाटीभर पिठीसाखर हवी असेल तर साखर किती दळायची? वाटीभर साखर मिक्सरमधून काढली तर वजन बदलत नाही, पण ती पसरून दीड वाटीच्या पुढे जाते, पावणेदोनच्या जवळ. वाटीभर पिठीसाखरेला साखर लागते वाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. ‘वाटीला वाटी’ समजून वाटीभर साखर दळून ती सगळी नानकटाईत घातली, तर दीडपटीहून जास्त साखर जाते. भट्टीत ती वितळते, नानकटाई फुलून उभी राहण्याऐवजी पसरते आणि कडा करपतात.

नानकटाईचं एक माप जवळून बघू. वाटी १५० मिलिलिटरची आहे असं धरा. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी तूप. ग्रॅममध्ये मैदा १५०, बेसन ३०, पिठीसाखर ७५, तूप सुमारे १०२. आता मैद्याला १०० धरलं तर बेसन २०, साखर ५० आणि तूप ६८ येतं. पाववाले, बिस्किटवाले हिशेब याच पद्धतीनं ठेवतात. पीठ नेहमी १०० आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात.

याचा उपयोग दिवाळीत होतो. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बायका मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जातात आणि भट्टीवर बिस्किटं, नानकटाई करून आणतात. बेकरीवाला वाटी विचारत नाही, किलो विचारतो. वरचं माप त्याला एका दमात सांगता येतं: एक किलो मैद्याला २०० ग्रॅम बेसन, अर्धा किलो पिठीसाखर, ६८० ग्रॅम तूप. दोन किलो करायची असेल तर सगळं दुप्पट. घरची चव भट्टीवर जशीच्या तशी उतरते ती या आकड्यांमुळे.

वजनातलं प्रमाण लक्षात ठेवायलाही सोपं जातं. इंग्रजांचा जुना पाउंड केक हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मैदा, साखर, लोणी, अंडी, चारही एक-एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम. हेच कपात सांगायचं तर मैदा पावणेचार कप, साखर सव्वादोन कप, लोणी दोन कप. वजनात चार सारखे भाग, मापात तीन वेगळे आकडे.

घरचा तक्ता, घरच्या वाटीचा

आता रूपांतराकडे येऊ. आधी आपली वाटी किती मिलिलिटरची ते काढायचं. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर, कारण एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम भरतं. काटा नसेल तर एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीतून किती वाट्या निघतात ते मोजा. साडेसहा-पावणेसात वाट्या निघाल्या तर वाटी १५० मिलिलिटरची.

पुढचे आकडे चमच्यानं भरून सपाट केलेल्या मापाचे आहेत. पहिला आकडा २४० मिलिलिटरच्या कपाचा, दुसरा १५० मिलिलिटरच्या वाटीचा, दोन्ही ग्रॅममध्ये.

साखर: २००, १२५
पिठीसाखर: १२०, ७५
मैदा: १२०, ७५
कणीक: १२०, ७५
चाळलेलं बेसन: ९५, ६०
तांदळाचं पीठ: १६०, १००
रवा: १६५, १०५
कॉर्नफ्लोअर: १२५, ८०
कोको पावडर: ८५, ५५
ओट्स: ८०, ५०
बारीक मीठ: २९०, १८०

हे आकडे सुरुवातीला धरून चालायला पुरेसे आहेत. पण गिरणीचं बेसन आणि पाकिटातलं बेसन सारखं नसतं. जाड रवा नि बारीक रवा यांत फरक पडतो. आपल्याकडची दाणेदार साखर परदेशी बारीक साखरेहून वेगळी बसते. म्हणून खरा तक्ता घरचाच. तो करायला काटाही लागत नाही. अर्धा किलो मैद्याचं न फोडलेलं पाकीट आणा. त्यावर छापलेलं वजन कायद्यानं बांधलेलं असतं, तेव्हा तेच आपलं वजनाचं माप. पाकीट फोडून मैदा चमच्यानं वाटीत भरत, सपाट करत, दुसऱ्या डब्यात ओता आणि वाट्या मोजा. साडेसहा वाट्या भरल्या तर ५०० भागिले साडेसहा, म्हणजे वाटीला ७७ ग्रॅम. साखरेच्या किलोच्या पाकिटाचं, रव्याच्या पाकिटाचंही असंच करा. डबे भरायचेच असतात. भरताना मोजणं एवढाच जास्तीचा उद्योग.

उलट रूपांतरही याच तक्त्यानं होतं. पाककृती २५० ग्रॅम मैदा मागते आणि वाटीला ७७ ग्रॅम बसतात, तर २५० भागिले ७७, म्हणजे सव्वातीन वाट्या. साखर १५० ग्रॅम हवी आणि वाटीला १२५ बसते, तर एक वाटी आणि वर तिचा पाचवा हिस्सा. मैद्याचा आकडा साखरेला लावायचा नाही, एवढं एकच पथ्य.

चमच्याचं राज्य

काट्याचं कौतुक करतानाच त्याची मर्यादाही सांगायला हवी. घरगुती काटा बहुधा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. दोन ग्रॅम सोडा मोजायचा तर त्यात अर्ध्या-एक ग्रॅमची चूक सहज होते, आणि सोड्याच्या बाबतीत ती चूक केक कडवट करायला पुरेशी असते. खाण्याचा सोडा बेकिंग पावडरीपेक्षा तीन-चार पट जोरकस असतो. अशा चिमूटभराच्या जिनसांना मोजायचा चमचाच बरा.

तो चमचाही ठरलेला असावा. पाच मिलिलिटरच्या लहान चमच्यात, सपाट भरलं तर, बारीक मीठ ६ ग्रॅम, साखर ४ ग्रॅम, बेकिंग पावडर ४ ते साडेचार, खाण्याचा सोडा पाचच्या जरा आत, कोरडं यीस्ट ३ आणि हळद ३ ग्रॅम बसते. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात जी हळद क्विंटलनं तोलली जाते, ती स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तीन ग्रॅमच्या चमच्यावर येते. दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर आहेत. घरातला जेवणाचा चमचा मात्र मापाला वापरू नये, कारण त्यात नेमकं किती मावतं याचा नेम नाही. खडे मीठ दळलेल्या मिठापेक्षा चमच्यात कमी बसतं, हेही ध्यानात ठेवावं.

काटा घेतलाच तर वापरायला सोपा आहे. तो सपाट ओट्यावर ठेवावा, पंखा बंद करावा, परात ठेवून आकडा शून्य करावा, मैदा घालावा, पुन्हा शून्य करावं, साखर घालावी. सगळं एकाच भांड्यात होतं, वाट्या-चमचे विसळायचं कामही वाचतं. काटा नीट चालतो का हे बघायला न फोडलेलं किलोचं साखरेचं पाकीट त्यावर ठेवावं. किलोवर पाकिटाच्या वेष्टनाचे पाच-दहा ग्रॅम दिसले तर काटा ठीक आहे.

बाजारातली वजनमापं सुधारायला या देशाला कायदा करावा लागला, अधिकारी नेमावे लागले, वर्षं लागली. स्वयंपाकघरातलं माप सुधारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या किराण्याच्या वेळी मैदा, रवा, बेसन, साखर डब्यांत भरताना वाट्या मोजा, आलेला आकडा कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आजीची पाककृती वाटीत असो, बेकरीवाल्याची किलोत असो की परदेशातल्या लेकीनं पाठवलेली कपात असो, त्या एका कागदानं तिन्ही तुमच्या हातात येतील.